इंधनघटाचे जनक न्यायमूर्ती ग्रोव्ह

अमेरिकेतील प्लग पॉवर या कंपनीने ऑक्टोबर १९९९ मध्ये आपले समभाग १५ डॉलर दराने विक्रीस काढले. हायड्रोजनवर चालणारा इंधनघट, म्हणजेच फ्युएल सेल, बनविणारी ही कंपनी. पुढच्या काही महिन्यांतच तिच्या समभागाचा भाव दीडशे डॉलरच्या घरात गेला आणि २००१ साल सरता सरता तो दहा डॉलरच्याही खाली आला. २०११ मध्ये कंपनीने दहा समभागांचा मिळून एक समभाग केला. जानेवारी २०२१ मध्ये हा नवा समभाग सत्तर डॉलरच्या वर पोहोचला आणि २०२४ च्या अखेरीस तीन डॉलरच्या खाली उतरला. १९७९ साली स्थापन झालेल्या कॅनडातील बॅलार्ड कंपनीच्या भागधारकांनीही २००० सालची तेजी आणि त्यानंतरची घसरण जवळजवळ अशीच अनुभवली.

या समभागांबद्दल गुंतवणूकदारांत पाव शतक जो वाद चालत आला आहे, त्याचे दोन्ही पक्ष ठरलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, तंत्र सिद्ध झालेले आहे, धूर नाही, राख नाही, उत्सर्जन म्हणून फक्त पाणी. आता केवळ धीर धरायचा. दुसरा पक्ष विचारतो, हायड्रोजन कोठून आणणार, कोणत्या भावाने आणणार आणि प्लॅटिनमचे काय करणार? नवल असे की, या दोन्ही पक्षांचा मूळपुरुष एकच आहे. ज्याने पहिला इंधनघट तयार केला, त्यानेच त्याच्या जमाखर्चातील खोटही सर्वप्रथम ओळखली. त्याचे नाव सर विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह. पेशाने तो वकील होता आणि पुढे न्यायाधीश झाला.

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधील स्वान्सी या बंदरात झाला. त्या काळी स्वान्सी हे तांबे गाळण्याच्या धंद्याचे मोठे केंद्र होते. वडील जॉन ग्रोव्ह हे तेथील प्रतिष्ठित गृहस्थ आणि दंडाधिकारी. विल्यम हा त्यांचा एकुलता एक मुलगा. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजमधून १८३२ मध्ये पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८३५ मध्ये लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. वकिली बाजूला ठेवावी लागली आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांचे मन विद्युतशास्त्राकडे वळले. विज्ञानाचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्था त्या काळच्या इंग्लंडमध्ये फारशा नव्हत्याच. हौशी माणसे घरी प्रयोगशाळा थाटत आणि त्यांतलीच काही पुढे शास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला येत.

१८३७ मध्ये त्यांचा विवाह एमा मारिया पोल्स हिच्याशी झाला. चरित्रकार बहुधा हा उल्लेख एका ओळीत उरकतात. समभागांच्या संदर्भात ग्रोव्ह यांच्याकडे पाहणाऱ्याला मात्र येथे थांबावेच लागते. कारण त्यांचे सासरे जॉन डिस्टन पोल्स हे १८२५ च्या लंडनमधील खाण-समभागांच्या सट्ट्याचे एक प्रमुख सूत्रधार होते.

दक्षिण अमेरिकेतील आणि मेक्सिकोतील स्पॅनिश वसाहती स्वतंत्र झाल्यावर तेथील सोन्याचांदीच्या जुन्या खाणी इंग्रजी भांडवलाने आणि इंग्रजी वाफेच्या यंत्रांनी पुन्हा सुरू करायच्या, ही त्या काळची मोहिनी होती. खाणी खोट्या नव्हत्या, चांदीही खोटी नव्हती आणि वाफेचे यंत्र तर त्या युगाचे सर्वांत विश्वासार्ह तंत्र होते. कंपन्या भराभर निघाल्या. डिसेंबर १८२४ आणि जानेवारी १८२५ यांच्या दरम्यान, एका महिन्यात, अँग्लो-मेक्सिकन कंपनीच्या समभागावरचे अधिमूल्य ३३ पौंडांवरून १५८ पौंडांवर गेले आणि तेही प्रत्येक समभागामागे केवळ दहा पौंड भरलेले असताना. पोल्स यांनी या कंपन्यांची भलामण करणाऱ्या पुस्तिका लिहून घेतल्या. लेखकाचे नाव त्यांवर छापलेले नव्हते. तो होता वीस वर्षांचा बेंजामिन डिझरायली, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. त्याने स्वत:ही कर्ज काढून हे समभाग घेतले होते. भाव कोसळले, डिसेंबर १८२५ मध्ये डझनावारी बँका बुडाल्या आणि त्या तरुणपणीच्या सट्ट्याचे ओझे डिझरायलीच्या डोक्यावर पुढे कित्येक वर्षे राहिले. खाणींत पाणी भरले होते, रस्ते नव्हते, यंत्रे डोंगरावर चढविण्याचा खर्च अफाट होता. वस्तू खरी असूनही व्यवहार बुडीत कसा निघू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. अशा घराण्यात ग्रोव्ह जावई म्हणून गेले.

विवाहानंतरच्या दोनच वर्षांत त्यांच्या हातून दोन विद्युतघट तयार झाले. पैकी पहिल्याने त्यांना तात्काळ कीर्ती दिली, तर दुसऱ्याने मरणोत्तर.

पहिला घट १८३९ मधला. सौम्य गंधकाम्लात जस्त, सच्छिद्र भांड्यातील तीव्र नत्राम्लात प्लॅटिनम अशी त्याची रचना होती. त्या काळच्या इतर घटांपेक्षा तो कितीतरी जोरकस प्रवाह देई. पॅरिसच्या अकादमीत आणि ब्रिटिश असोसिएशनच्या बर्मिंगहॅम येथील अधिवेशनात त्याची वाखाणणी झाली आणि १८४० मध्ये ग्रोव्ह रॉयल सोसायटीचे फेलो झाले. अमेरिकेत नव्याने सुरू झालेल्या तारायंत्राने हाच घट उचलला. तार कचेऱ्यांतून नत्राम्लाचे विषारी धूर कोंडत असत, तरीही बरीच वर्षे तो वापरात राहिला. मात्र प्लॅटिनम महाग. १८४१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी प्लॅटिनमच्या जागी कोळशाची कांडी बसवून तेच काम स्वस्तात करून दाखविले. प्लॅटिनमवर उभ्या केलेल्या शोधाला स्वस्त पर्याय कसा गाठतो, याचा हा पहिला धडा ग्रोव्ह यांना तिशीतच मिळाला.

दुसरा घट म्हणजेच आजचा फ्युएल सेल. पाण्यातून वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे पृथक्करण होते, हे १८०० पासून ठाऊक होते. ग्रोव्ह यांनी प्रश्न उलटा केला. हे दोन वायू एकत्र आणून पाणी होऊ दिले, तर वीज परत मिळेल काय? गंधकाम्लमिश्रित पाण्यात दोन नळ्या उलट्या उभ्या केल्या, एकीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन भरला आणि दोन्हींत प्लॅटिनमच्या पट्ट्या सोडल्या. तारेतून प्रवाह वाहू लागला. नळ्यांतील वायू कमी होत गेले, पाण्याची पातळी चढत गेली आणि हायड्रोजन हा ऑक्सिजनच्या दुप्पट खर्ची पडत होता. यासंबंधीची पहिली नोंद १८३९ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास बाझल येथील प्राध्यापक ख्रिस्तियान शोनबाइन यांनीही हा परिणाम स्वतंत्रपणे नोंदविला होता. कोणाचे श्रेय आधी, यावर पुढे इतिहासकारांनी शाई खर्च केली. या दोघांची मैत्री मात्र अबाधित राहिली.

१८४१ मध्ये लंडन इन्स्टिट्यूशन या संस्थेत ग्रोव्ह प्रायोगिक विज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेथे १८४२ मध्ये त्यांनी असे पन्नास घट एकमेकांना जोडून त्यांची माळ तयार केली. तिला ते वायू-विद्युतघट म्हणत. या माळेचा झटका हातात हात धरून उभ्या असलेल्या पाच जणांना जाणवत असे. त्याहीपेक्षा त्यांना मोलाचा वाटला तो दुसरा परिणाम. या माळेच्या विजेने त्यांनी पुन्हा पाण्याचे पृथक्करण करून दाखविले. एका टोकाला वायूंचे पाणी होत होते आणि त्यातून निघालेल्या विजेने दुसऱ्या टोकाला पाण्याचे वायू होत होते. हे सारे त्यांनी मायकेल फॅरेडे यांना पत्राने कळविले.

याच वेळी त्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली, जी आजही प्रत्येक इंधनघट कंपनीच्या संशोधकांची झोप उडविते. वायू, द्रव आणि प्लॅटिनम हे तिन्ही जेथे एकाच जागी भेटतात, तेथेच वीज निर्माण होते. नळीत अशी जागा असते ती फक्त पाण्याच्या कडेची एक अरुंद रेघ. ही रेघ वाढवायची तर प्लॅटिनमचा पृष्ठभाग वाढवायला हवा. ग्रोव्ह यांनी पट्ट्यांवर स्पंजासारख्या बारीक प्लॅटिनमचा लेप चढविला, तो याचसाठी. आधुनिक घटात कार्बनच्या कणांवर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात, तेही याचसाठी. गेल्या काही दशकांत लागणारे प्लॅटिनम पुष्कळच कमी झाले, पण सर्वसामान्य वाहनाला साजेल अशा घटातून ते पूर्णपणे हद्दपार करणे अजून साधलेले नाही.

मग हा शोध ग्रोव्ह यांनी बाजारात का नेला नाही? उत्तर त्यांच्याच दुसऱ्या कामात आहे. लंडन इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानांतून त्यांचा भौतिक शक्तींच्या परस्परसंबंधाचा सिद्धांत आकाराला आला. १८४६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १८७४ पर्यंत त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, रासायनिक आकर्षण, गती यांपैकी कोणतीही शक्ती शून्यातून जन्मत नाही. एकीचे दुसरीत रूपांतर होते आणि जितके मिळते, तितके कोठेतरी खर्ची पडलेले असते, असा त्याचा आशय. पुढे हेल्महोल्ट्झ आदींनी गणिताने बांधलेल्या ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचे हे एक पूर्वरूप होय. ग्रोव्ह यांची मांडणी गणिती नव्हती आणि म्हणून नियमाच्या श्रेयात त्यांचा वाटा पुढे झाकोळला गेला. वायुघटाकडे ते पाहत होते, ते या सिद्धांताचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणून. विजेचा कारखाना म्हणून ते त्याकडे पाहत नव्हते.

हिशेबाची बाजूही त्यांना स्वच्छ दिसत होती. जस्त आणि आम्ले हे कारखान्यात बनविलेले पदार्थ आहेत. ते बनविण्यातच इंधन आणि पैसा जातो. त्यांच्याऐवजी कोळसा, लाकूड, चरबी यांसारख्या स्वस्त आणि मुबलक वस्तूंच्या ज्वलनातील शक्ती थेट विजेच्या रूपाने हाती आली तर तो व्यवहारातील फार मोठा लाभ ठरेल, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या काळी प्रयोगशाळेतला हायड्रोजन जस्तावर आम्ल ओतूनच मिळवीत. म्हणजे वायुघटाने जस्ताचा खर्च वाचत नव्हता, तो एक पायरी मागे ढकलला जात होता, एवढेच. आजच्या वादातील दुसरा पक्ष नेमके हेच सांगतो. हायड्रोजनची खाण नाही, निदान उद्योगाला पुरेल अशी अद्याप सापडलेली नाही. तो आज मुख्यत: नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. विजेने पाणी फोडून बनवायचा, तर विजेपासून हायड्रोजन, हायड्रोजन दाबून साठविणे, वाहून नेणे आणि त्याची पुन्हा वीज, या फेऱ्यात मूळ विजेचा एकतृतीयांशाच्या आसपासच भाग हाती उरतो. साधी बॅटरी याहून दुपटीने परतावा देते. जेथे बॅटरीचे वजन किंवा चार्जिंगचा वेळ परवडत नाही, अशा ठिकाणीच हा तोटा सोसण्यात अर्थ असतो आणि अशी ठिकाणे किती, यावर समभागाची किंमत अवलंबून असते. माहितीपत्रकात बहुधा हा आकडा ठळक छापलेला नसतो.

वाढत्या कुटुंबाचा खर्च प्राध्यापकीच्या मिळकतीत भागेना, म्हणून १८४६ मध्ये ग्रोव्ह यांनी ते पद सोडले आणि वकिलीकडे मोर्चा वळविला. पण विज्ञानाच्या कारभारातून त्यांनी अंग काढून घेतले नाही. रॉयल सोसायटी ही त्या काळी उमराव-सरदारांची बैठक होऊन बसली होती. फेलोंची वार्षिक संख्या पंधरावर मर्यादित करून तेथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना अग्रमान मिळवून देणाऱ्या १८४७ च्या सुधारणेत ग्रोव्ह आघाडीवर होते. त्याच वर्षी त्यांना सोसायटीचे रॉयल मेडल मिळाले.

१८५३ मध्ये ते क्वीन्स कौन्सेल झाले. पेटंटच्या दाव्यांत त्यांचा हातखंडा होता आणि त्याचे कारण उघड होते. यंत्र समजणारा वकील न्यायालयात दुर्मीळच. छायाचित्रणाचे आद्य संशोधक फॉक्स टॅल्बट हे त्यांचे स्नेही. १८५४ मध्ये टॅल्बट यांनी लारोश या छायाचित्रकारावर पेटंटभंगाचा दावा लावला, तेव्हा ग्रोव्ह त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्यूरीने लारोश यांना दोषमुक्त केले. शोध लावणे आणि त्यातून हक्काचे उत्पन्न मिळविणे यांतील अंतर ग्रोव्ह यांनी असे जवळून, दुसऱ्याच्या खटल्यातून पाहिले. १८५६ मध्ये रुजली येथील विषप्रयोगाच्या गाजलेल्या खटल्यात डॉ. विल्यम पामर याच्या बचावासाठीही ते उभे होते. घोड्यांच्या शर्यतींत कर्जबाजारी झालेला हा डॉक्टर अखेर फासावर गेला. पेटंट कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनवर त्यांनी काम केले, १८६६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या नॉटिंगहॅम अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले, १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले आणि १८७२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. न्यायासनावर बसल्यावर पेटंटच्या खटल्यात समोरच्या यंत्रात ते इतके रमून जात की, त्यात सुधारणा कशी करता येईल हेही सुचवून मोकळे होत, असे सांगितले जाते. १८८७ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी, ग्रोव्ह हयात असतानाच, त्यांच्या वायुघटाला प्रथमच एका बड्या उद्योगपतीचे पाठबळ लाभले. लुडविग मोंड हे जर्मनीतून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले रसायनतज्ज्ञ. ब्रनर मोंड या सोड्याच्या कंपनीचे भागीदार. भांडवल, कारखाना, रसायनाचे ज्ञान आणि व्यापारी दृष्टी अशा चारही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. त्यांनी आणि त्यांचे सहकारी कार्ल लँगर यांनी १८८९ मध्ये सुधारलेला घट सादर केला. द्रवाने भरलेल्या नळ्या काढून टाकून त्यांनी गंधकाम्ल मुरविलेली सच्छिद्र पाटी वापरली, तिच्या दोन्ही बाजूंना भोके पाडलेला प्लॅटिनमचा पातळ पत्रा बसविला आणि हायड्रोजन मिळविण्यासाठी कोळशापासून निघणाऱ्या वायूकडे मोहरा वळविला. घट सुमारे पाऊण व्होल्ट दाबाने चांगला प्रवाह देत होता. परंतु प्लॅटिनमची किंमत वजा जाता व्यवहार जमेना, शिवाय कोळशाच्या वायूतील अशुद्ध घटकांनी प्लॅटिनम निकामी होई. मोंड यांनी हा नाद सोडला. सोड्याच्या धंद्यात त्यांच्या भागधारकांनी पुढे उत्तम पैसा केला आणि ब्रनर मोंड ही १९२६ मध्ये आयसीआय या बलाढ्य समूहाच्या स्थापनेतील एक घटक कंपनी ठरली. इंधनघटाची आशा दाखवून मोंड यांनी कोणाकडे भांडवल मागितले नाही, हे मला त्यांचे दुर्लक्षित मोठेपण वाटते.

१ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये ग्रोव्ह यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतील विल्यम जॅक्स या अभियंत्याचा एक लेख हार्पर्स मासिकात झळकला. कोळशातून थेट वीज काढणारा शंभर घटांचा संच आपण चालवून दाखविला असून त्याची कार्यक्षमता वाफेच्या यंत्राच्या कितीतरी पट आहे, असा त्यांचा दावा होता. पुढे तपासणीत दिसून आले की, वीज मिळत होती ती मुख्यत: अन्य प्रक्रियांतून, शिवाय भट्टी तापविण्याचे आणि हवा फुंकण्याचे इंधन हिशेबात पुरेसे धरलेच नव्हते.

इंधनघटाला खरे गिऱ्हाईक मिळाले ते १९६५ मध्ये, जेमिनी ५ या अंतराळयानात. नंतर इंग्रज अभियंता फ्रान्सिस बेकन यांच्या घटावर आधारलेले संच अपोलो यानांतून चंद्रापर्यंत गेले. त्यांतून तयार होणारे पाणी अंतराळवीर पीत. तेथे प्लॅटिनमचा भाव विचारणारा कोणी नव्हता. ट्रक आणि मोटारींच्या बाजारात मात्र तो विचारला जातो. हायड्रोजन ट्रकचे स्वप्न विकणारी निकोला कंपनी २०२० मध्ये काही काळ बाजारमूल्यात फोर्डच्याही पुढे गेली होती. तिच्या संस्थापकाला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरविण्यात आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात संस्थापकाला राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली. प्लग पॉवरनेही आपला धंदा चालू राहील की नाही, याविषयी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गंभीर शंका जाहीर केली होती. तिने नंतर कर्ज आणि नवे समभाग यांच्या आधारे मार्ग काढला. मालवाहू गोदामांतील फोर्कलिफ्टसाठी तिचे घट वापरले जातात, हे मात्र खरे. कारण तेथे यंत्र थांबवून तासन् तास बॅटरी भरत बसणे महाग पडते.

ग्रोव्ह यांचे दफन लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत झाले. १९८९ मध्ये, वायुघटाला दीडशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, लंडनमध्ये इंधनघटांवरील परिषद भरली आणि तिला ग्रोव्ह यांचे नाव देण्यात आले.